सेन्पाईंची भिंत

११ फेब्रुवारी, फ्लोरिडा

डिसेंबरात, अर्थशास्त्राच्या तासाला, मागच्या बाकावर बसून मी फोन उचलला आणि पलीकडून तोगावा-सेन्पाईंनी विचारलं, "शुगो, अमेरिकेत येतोस का माझे चेंडू झेलायला?" त्या क्षणी सगळं बदललं. मी जागेवर उभा राहून "येतो!" असं ओरडलो. प्राध्यापक म्हणाले, "काजामा, बाहेर जा." जो बाहेर गेलो तो परत कॉलेजात पाऊल टाकलं नाही. आईला सांगितलंय की इंग्रजी शिकायला वर्षभराची रजा घेतली आहे. तिला तसंच वाटू दे.

तसं कॉलेजात माझं उरलं तरी काय होतं? बेसबॉल क्लबातून मला आधीच हाकललं होतं. प्रशिक्षकांनी पहिल्या वर्षाच्या एका पोराच्या थोबाडीत मारली, म्हणून मी पायांचे पॅड सोडले आणि त्यांच्या अंगावर फेकले. डोकं फिरलं की माझे हात माझं ऐकत नाहीत.

सेन्पाई शाळेत माझ्या दोन वर्षं पुढे होते. वरच्या वर्गातला तो सेन्पाई, आणि एकदा सेन्पाई झालेला माणूस जन्मभर सेन्पाई. जपानात त्यांनी पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून चार हंगाम गाजवले, आता बफेलोच्या हेरॉन्स क्लबने त्यांना घेतलं. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लीगमधला त्यांचा हा पहिला हंगाम. माझं नाव त्यांनी हट्टाने करारात घालून घेतलं. माझं काम बुलपेनमधल्या कॅचरचं: सामन्याआधी कुंपणामागे पिचर हात गरम करतो, तेव्हा समोर उकिडवं बसून त्याचे चेंडू झेलायचे. आमच्याकडे अशा माणसाला 'भिंत' म्हणतात. भिंतीचं नाव पेपरात येत नाही. पण चांगली भिंत वाजते! हातातला तो जाडजूड चामड्याचा मिट नेमका धरला आणि चेंडू खोबणीत घेतला, की तोफ उडाल्यासारखा आवाज होतो. तो ऐकून पिचरची छाती फुगते. माझ्यासारखा आवाज आख्ख्या ईशान्य जपानात कुणाला काढता येत नव्हता. फुशारकी नाही, खरं आहे म्हणून लिहितोय.

आज दुभाषी आली. बाई आहे. हानाए-सान. जन्माने बफेलोचीच, जपानी बोलते ते आजीकडून शिकलेलं, जुन्या वळणाचं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुझा शर्ट उलटा आहे."

संपलो मी.

२० फेब्रुवारी

इथला चेंडू हरामखोर आहे. आपल्यापेक्षा किंचित मोठा आणि साबण चोळल्यासारखा निसरडा. सेन्पाईंचा हुकमी एक्का म्हणजे फोर्क. दोन बोटांच्या बेचक्यात धरून टाकलेला, सरळ येतोय येतोय असं वाटता वाटता बॅटजवळ पायरी चुकल्यासारखा खाली पडणारा चेंडू. आज तो पडायलाच तयार नव्हता.

पण मी आहे ना! एकेक चेंडू फाड फाड वाजवला. प्रत्येकाला "नाइस बॉल!" ओरडलो. भिंतीने ओरडायचंच असतं. शेजारचे अमेरिकन पिचर हातातलं काम सोडून बघायला लागले. सेन्पाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. म्हणाले, "तू समोर असलास की घरी असल्यासारखं वाटतं." मी खाली मान घालून पायांचे पट्टे आवळत बसलो, नाहीतर रडलो असतो.

पलीकडे क्लबाचा मुख्य कॅचर ओस्वाल्दो बसला होता. पोर्तो रिकोचा, छत्तीस वर्षांचा. गुडघे वाकवले की जुनं दार उघडल्यासारखे कुरकुरतात. त्याच्या मिटमधून मात्र हूं की चूं नाही. चेंडू उशीत जातो आणि झोपतो. आणि खऱ्या सामन्यात सेन्पाईंचे चेंडू झेलणार हाच! देवा.

५ मार्च

हानाए-सानने केस कापले.

"कसे वाटतात?"

"छान!"

"मागून एका बाजूला वाकडे कापलेत त्या बाईने. बघ."

"तेही छान!"

तिने टोपी घालून केस झाकले. मग दिवसभर माझ्या वाट्याचं भाषांतर तिने तीन-चार शब्दांत उरकलं. मी इतकं मनापासून सांगितलं तरी हे! परवा तिने करपलेलं ऑम्लेट खायला घातलं, तेही मी "अप्रतिम" म्हणून संपवलं होतं. बायकांचं मला कळत नाही.

माझा संशय असा की ती सेन्पाईंच्या प्रेमात आहे. सारखी त्यांच्या शेजारी. ते बोलले की ही बोलते, ते थांबले की ही थांबते. मी काय मूर्ख आहे का, मला दिसत नाही का?

६ एप्रिल, बफेलो

एप्रिल उजाडला तरी इथे तळ्यावरून वारा येतो तो सुऱ्या घेऊन. आज सेन्पाईंचा पहिला सामना. बुलपेनमध्ये मी असा काही वाजवला की वरच्या बाकांवरचे लोक वाकून बघायला लागले. एक जाडी बाई बिअरचा पेला सांभाळत ओरडली, "ए छोट्या, बंदूक कुठे लपवलीस?" सेन्पाई हसतच मैदानात गेले.

नऊपैकी तिसऱ्याच डावात त्यांना बाहेर काढलं. दोन होमरन, कुंपणापार. त्यातला एक चेंडू तर अजून उडतोच आहे.

नंतर पत्रकारांनी विचारलं तेव्हा सेन्पाई म्हणाले, "आज चेंडू उत्तम वाटत होता. काय झालं समजलं नाही." मला समजलं. थंडी. तो निसरडा चेंडू. आणि ओस्वाल्दो.

१८ एप्रिल

तिसरा सामना. तेच. बुलपेनमध्ये तोफखाना, मैदानात फुसका बार. आता लोक हुर्यो करतात. पेपरात मथळा आला, तो हानाए-सानने वाचून दाखवायला नकार दिला, म्हणून मी शब्दकोश घेऊन बसलो. 'भाजलेलं रताळं' असा काहीतरी निघाला. असेलही. यांचं काय सांगावं.

सेन्पाई जेवत नाहीत. मी भात, भाजलेला मासा, मिसोचं सूप करून ठेवतो. ते "छान झालंय" म्हणतात आणि ताट तसंच ठेवतात.

२७ एप्रिल

आज मी ओस्वाल्दोशी भांडलो. लिहिताना अजून कान गरम आहेत.

सकाळी पिचिंगचे प्रशिक्षक, म्हातारे डोनेली, यांनी सेन्पाईंना बोलावून सांगितलं: अजून दोन सामने बघू. जमलं नाही तर खालच्या लीगमध्ये जावं लागेल. सेन्पाई कमरेत वाकले आणि म्हणाले, "समजलं." बस्स. इतकंच. खालच्या लीगमधून परत वर येणं कसं असतं ते आम्हाला दोघांनाही ठाऊक आहे. आणि माझं काय? त्या लीगमध्ये कुणाला खासगी भिंत मिळत नाही.

मी तडक ओस्वाल्दोकडे गेलो.

"हे सगळं तुझ्यामुळे! चेंडू झेलतोस की पांघरूण घालतोस? लाज वाटत नाही? बापजन्मात कधी आवाज काढलायस का त्या उशीतून?"

आणखीही बरंच बोललो. हानाए-सानने त्याला इंग्रजीत सांगितलं ते जेमतेम अर्धं वाक्य होतं.

"सगळं सांगितलंत का?" मी विचारलं.

"तुझा जीव वाचेल एवढं सांगितलं."

ओस्वाल्दो सूर्यफुलाच्या बिया चघळत होता. टरफल थुंकला आणि म्हणाला, "पोरा, मिट घाल. बस तिकडे." आणि स्वतः लंगडत पिचरच्या जागी जाऊन उभा राहिला. हात कसाबसा फिरवून त्याने चेंडू टाकला. माझी आई त्याहून जोरात टाकते. मी घेतला. फाड! "नाइस बॉल!" सवयीने तोंडातून निघालंच. दुसरा त्याहून मऊ. फाड! "नाइस बॉल!" तिसरा त्याने एका पायावर उभं राहून, डोळे मिटून, पेढा फेकावा तसा फेकला. फाड!! सगळा बुलपेन हसून लोळायला लागला. कुणीतरी ओरडलं, "करार द्या रे म्हाताऱ्याला!"

मला तर अभिमान वाटला. असल्या कचऱ्याचीही मी तोफ करून दाखवली! आता तरी या लोकांना कळलं असेल झेलणं कशाला म्हणतात.

मान वर केली तर दारात सेन्पाई. ते हसत नव्हते.

२८ एप्रिल

आम्ही एकाच घरात राहतो. एकाच टेबलाशी बसून खातो. आज सकाळी त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "शुगो, माझेही असेच वाजवतोस?"

"भिंतीचं कामच ते, सेन्पाई."

"वाईट पडलेलेही?"

मी किटली उचलून त्यांच्या भरलेल्याच कपात चहा ओतला.

"फोर्क पडत नाही तेव्हाही?"

"मी ते बघतच नाही, सेन्पाई. मी फक्त वाजवतो."

ते खिडकीतून बाहेर बघत बोलत राहिले, जणू मी तिथे नव्हतोच. "तुझ्याकडे टाकतो तेव्हा वाटतं, आज आपण राजे. मग मैदानात जातो. पहिलाच चेंडू ओस्वाल्दोकडे जातो आणि काही आवाजच नाही. वाटतं, हात मेला. मग मी जोर लावतो. आणखी जोर लावतो. जोर लावला की फोर्क सरळ जातो आणि सरळ गेला की..." त्यांनी बोट वर करून होमरन दाखवली. मग म्हणाले, "कालपर्यंत मला वाटत होतं तो आवाज माझा आहे."

ते गेल्यावर मी मिट खिडकीतून बाहेर फेकला. मग खाली जाऊन झुडपात शोधला आणि परत आणला. माझ्याकडे दुसरा नाही.

३० एप्रिल

दोन दिवस सेन्पाई माझ्याशी फक्त मिठाची बाटली मागण्यापुरते बोलले. काल मी बॅग भरली आणि त्यांच्यापुढे जमिनीला कपाळ लावून म्हणालो, "मी परत जातो." ते म्हणाले, "तिकीट महाग आहे. ओस्वाल्दोकडून झेलायला शिक."

त्याच्याकडून! त्या उशीवाल्याकडून!

गेलो. करतो काय?

"मला आवाज बंद करायला शिकवा," असं मी हानाए-सानला सांगायला सांगितलं. ओस्वाल्दोने मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "तोंडाचा की मिटचा?" तिने ते भाषांतर मात्र शब्द न गाळता केलं.

५ मे

पाच दिवस उकिडवा बसून गुडघे ओस्वाल्दोसारखे वाजायला लागलेत. तो एकच गोष्ट सांगतो, "चेंडूवर झडप घालू नकोस. त्याला येऊ दे. तो काय करतोय ते बघ." मी आजवर कधी बघितलंच नव्हतं! नजर चेंडूवर, पण मन पुढच्या आवाजावर. आज पहिल्यांदा दिसलं: सेन्पाईंचं बोट चेंडूच्या शिवणीवरून सुटलं की फोर्क फिरत फिरत येतो, पडत नाही. नीट सुटला की जवळजवळ न फिरता येतो आणि मग पडतोच. साधी गोष्ट. शाळेपासून त्यांच्यासमोर बसूनही मला माहीत नव्हती.

बघणं एक वेळ जमलं. पण सांगायचं कसं? "वाईट" हा शब्द सेन्पाईंना तोंडावर? आज मी प्रत्येक वाईट चेंडूनंतर उठलो, टोपी काढली, वाकलो, "क्षमा करा, हा पडला नाही," म्हणालो, परत बसलो. ओस्वाल्दोने विचारलं, हा काही धार्मिक विधी आहे का? हानाए-सान म्हणाली, "शुगो, एवढं वाकलास तर हंगाम संपेल. नुसती मान हलव."

मान हलवली. आकाश काही कोसळलं नाही. सेन्पाईंनी ओठ चावला आणि पुढचा चेंडू टाकला. तो पडला.

मीही काही ओरडलो नाही. फक्त बोट वर केलं. ते हसले. पण घरी असल्यासारखे नाही, वेगळेच.

९ मे

सात डाव! समोरच्यांची एकच धाव! सातव्या डावानंतर ओस्वाल्दोने चेंडू सेन्पाईंच्या हातात ठेवला आणि त्यांच्या टोपीवर टपली मारली. जपानात असं कुणी केलं असतं तर मी त्याचा हात मोडला असता. सेन्पाईंनी उलटी त्याला टपली मारली.

घरी आल्यावर त्यांनी तीन वाट्या भात खाल्ला. मी आत जाऊन भांडी घासता घासता रडलो. नळ मोठा सोडला होता.

२१ जून

सलग पाच सामने जिंकले. लीगभर फोर्कची चर्चा. परवा एक दांडगा बॅटर फोर्कवर इतक्या जोरात फिरला की स्वतःभोवती गिरकी घेऊन बसला, आणि उठून स्वतःच हसला.

ती जाडी बिअरवाली बाई आता आमची झाली आहे. काल ओरडली, "ए छोट्या, बंदूक कुठे गेली?" मी माझ्या इंग्रजीत ओरडलो, "बंदूक नाही! आता फक्त डोळे!" तिने शेंगदाण्याची पिशवी फेकली. मी न वाजवता झेलली.

२ ऑगस्ट

आईला कळलं. आमच्याकडे अकितात न्हाव्याच्या दुकानात टीव्हीवर सामना चालू होता. सेन्पाई हात गरम करत होते आणि कोपऱ्यात उकिडवा बसलेला मी.

"ही कसली रजा रे?" आई फोनवर म्हणाली.

नेहमीसारखं काहीतरी गोड बोलणार होतो. पण गेले तीन महिने मान हलवून हलवून तोंडाचीही सवय बिघडली आहे. म्हणालो, "आई, मी कॉलेज सोडलं. डिसेंबरातच. रजा वगैरे काही नाही."

आई म्हणाली, "न्हाव्याने विचारलं, हा कोण? मी म्हटलं, भिंत आहे, आमची." आणि फोन आपटला. रागावली की नाही तेच कळलं नाही.

हानाए-सानला हे सांगितलं तर ती हसत सुटली. हसता हसता मध्येच थांबून म्हणाली, "म्हणजे तुला खरं बोलता येतं." येतं म्हणजे काय? मी तिच्याशी कधी खोटं बोललोय?

१५ सप्टेंबर

क्लब पुढच्या फेरीच्या उंबरठ्यावर आहे. सेन्पाईंचं नाव हंगामातल्या सर्वोत्तम नवख्यांत घेतलं जातंय. पण मी बघतो ना आता. त्यांचा हात थकलाय. इथे पाच-पाच दिवसांनी सामना, जपानात आठवड्यातून एकदाच असायचा. तर्जनीवर फोड आलाय, तो ते लपवतात. पट्टी घरी लावतात, मैदानात काढतात. मी त्यांना सांगितलं की मला दिसतंय. म्हणाले, "डोनेलींना सांगितलंस तर जीव घेईन." दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. डोनेलींनी त्यांना एक सामना विश्रांती दिली. सेन्पाईंनी माझा जीव घेतला नाही, फक्त सोया सॉस लपवून ठेवला.

आज हानाए-सानने गाडीतून घरी सोडलं. म्हणाली, लॉस एंजेलिसच्या टीव्हीवाल्यांनी तिला नोकरी देऊ केली आहे, नोव्हेंबरपासून. पगार चांगला. मग समोरच्या रस्त्याकडे बघत तिने विचारलं, "काय करू? घेऊ?"

"छान! घ्याच!" मी म्हणालो. मोठ्या मनाने म्हणालो, मनात नेमकं उलटं होतं तरी.

तिने गाडी इतक्या जोरात थांबवली की माझं डोकं पुढे आपटणार होतं. "उतर."

"घर अजून दोन चौक लांब आहे, हानाए-सान."

"चाल. पाय मोकळे होतील."

बहुतेक तिला तो चौक वळायला अवघड वाटला असावा.

२८ सप्टेंबर

शेवटचा सामना. जिंकलं तर पुढची फेरी, हरलं तर घर. मैदान गच्च भरलेलं. गर्जना अशी की स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता.

बुलपेनमध्ये पहिला फोर्क. पडला नाही. मान हलवली. दुसरा. पडला नाही. तिसरा, चौथा. फोड बरा झालाय, पण बोटाला पकड नाही. मी प्रत्येक वेळी मान हलवत गेलो आणि सेन्पाईंचा चेहरा पांढरा पडत गेला. शेवटी ते चालत माझ्यापर्यंत आले. ओणवे झाले आणि हळू म्हणाले, "शुगो. वाजव."

"काय?"

"आधीसारखं. आज एकदाच. मला तो आवाज हवाय."

"सेन्पाई, फोर्क पडत नाहीये."

"मी विचारलं का? मी सांगतोय. सेन्पाई म्हणून सांगतोय. वाजव!"

शाळेपासून त्यांनी सांगितलं आणि मी केलं नाही असं कधी झालं नाही. त्यांनी पाणी म्हटलं की पाणी, धाव म्हटलं की धाव. आणि वाजवणं मला किती सोपं! मनगट जरासं पुढे न्यायचं. त्यांची छाती फुगेल. हसत जातील. आणि तिसऱ्या डावात संपतील.

डोकं फिरलं. या वेळी हातांनी माझं ऐकलं, तोंडाने नाही.

"नाही वाजवणार!" मी ओरडलो. "आज तुमचा फोर्क मेलेला आहे! मढं आहे ते! कितीही वाजवलं तरी उठायचं नाही! सरळ चेंडू चांगला आहे, खाली, बाहेरच्या कडेला, तिथे त्याला कुणी हात लावू शकत नाही. आणि शाळेतला तो हळू वळणारा चेंडू टाका, पोरकट वाटतो म्हणून चार वर्षं टाकत नाही तो! तो काल सरावात गंमत म्हणून टाकलात, मी बघितला, तो जिवंत आहे!"

सेन्पाईंनी हातातला चेंडू माझ्या छातीवर मारला. पॅड होता म्हणून वाचलो. "गाढवा! कुणाशी बोलतोयस?"

"सेन्पाईंशी! म्हणूनच बोलतोय!"

डोनेली धावत आले. "काय चाललंय?" हानाए-सान शांतपणे म्हणाली, "सामन्याआधीची प्रार्थना आहे." मग माझ्याकडे बघितलं. तसं तिने याआधी कधी बघितलं नव्हतं.

सेन्पाई तडक मैदानात गेले. जाताना त्यांनी ओस्वाल्दोला थांबवून कानात काहीतरी सांगितलं, हातवाऱ्यांनी आणि आपल्या तुटक इंग्रजीत. ओस्वाल्दोने लांबून माझ्याकडे बघून भुवई उडवली.

पहिल्या बॅटरला हळू वळणारा चेंडू. तो बॅटर गोंधळून बघतच राहिला, लहान मुलाने फेकलेला फुगा यावा तसा चेंडू आला आणि मिटमध्ये बसला. मग सरळ, खाली, बाहेरच्या कडेला. आउट. आख्ख्या सामन्यात फोर्क फक्त दोनदा, तोही नुसता घाबरवायला. आठ डाव. शून्य धावा. जिंकलो.

सगळे एकमेकांवर बिअर ओतत होते. मी बुलपेनमधलं सामान आवरत होतो: मिट, पॅड, मुखवटा, चेंडूंची पेटी. भरलेली बॅग उचलायला वाकलो तर ती आधीच कुणीतरी उचलली होती. सेन्पाई. माझी बॅग. त्यांच्या खांद्यावर.

"सेन्पाई, ठेवा! काय करताय!"

"चल."

"लोक बघतायत! द्या इकडे!"

मी पट्टा धरला, त्यांनी सोडला नाही. भर बोळात आमची ओढाओढी. शाळेत मी तीन-तीन बॅगा उचलून त्यांच्या मागून चालायचो. सेन्पाईने खालच्या पोराची बॅग उचलायची हे मी कधी बघितलं नाही, ऐकलंही नाही. शेवटी ते म्हणाले, "सोड. सेन्पाई म्हणून सांगतोय." आता हे ऐकावंच लागलं. ते पुढे बॅग घेऊन, मी मागे रिकाम्या हातांनी. हात कुठे ठेवावेत तेच समजेना.

ओस्वाल्दो भिंतीला टेकून हसत होता. त्यालाही काहीतरी कळलं असावं.

१० ऑक्टोबर

पुढच्या फेरीत हरलो. एका धावेने, आणि ती सेन्पाईंनी दिलेली नाही. शेवटी सगळं मैदान उभं राहून त्यांचं नाव ओरडत होतं. एप्रिलमध्ये हेच लोक रताळं म्हणत होते.

डोनेलींनी मला विचारलं की पुढच्या वर्षी क्लबाच्या सगळ्या पिचरांचे चेंडू झेलशील का. म्हणाले, "खोटं न बोलणारा कॅचर मिळत नाही." मी हो म्हटलं. मग विचारलं, "रोज खोटं न बोलणारा?" ते म्हणाले, "पगार रोजचाच आहे."

१४ ऑक्टोबर

सेन्पाई आज हिवाळ्यासाठी जपानला चाललेत. हानाए-सान त्यांना विमानतळावर सोडणार आहे. गाडी खाली उभी आहे, इंजिन चालू. नेहमी ती वर येऊन चहा घेते. आज नाही आली.

मी चहा करत होतो, तेव्हा बॅग भरता भरता सेन्पाईंनी विचारलं, "तिने लॉस एंजेलिसच्या नोकरीचं विचारलं तेव्हा तू काय म्हणालास?"

"छान म्हटलं. घ्या म्हटलं."

सेन्पाईंनी हातातले मोजे खाली ठेवले. "आणि वाटलं काय?"

"वाटलं की मरतो आता."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्यात एप्रिलची ती 'माझेही असेच वाजवतोस?' विचारणारी सकाळ होती. मग म्हणाले, "मला मेलेला चेंडू दाखवलास, तोंडावर, आख्ख्या मैदानासमोर. आणि तिला?"

मी खुर्चीत बसलो. बसलोच. वाकडे केस. करपलेलं ऑम्लेट. आणि त्या दिवशी मी गाडीत काय वाजवलं! आणि ती कुणाच्या शेजारी उभी राहायची, तर ज्याचं भाषांतर करायचं त्याच्या. आणि माझ्याकडे बघून प्रश्न कोण विचारायचं? तीच. मूर्ख, मूर्ख, मूर्ख.

"ती तुमच्या—" मी सुरुवात केली.

"माझ्या?" सेन्पाई इतके हसले की त्यांना बॅगेवर बसावं लागलं. बॅग त्यामुळे बंद झाली.

ते म्हणताहेत की दहा मिनिटं ते खाली येणार नाहीत. विमान चुकलं तर उद्याचं आहे. मी म्हटलं, आधी हे लिहून काढतो, नाहीतर जिना उतरता उतरता पुन्हा गोड काहीतरी सुचेल. आता लिहून झालं. मला तिला सांगायचंय की लॉस एंजेलिस मला मुळीच छान वाटत नाही, ती गेली तर हिवाळा मला झेपणार नाही, आणि ते केस मागून खरंच वाकडे होते. हसली तर हसू दे. मान हलवली तर तीही बघेन.

शर्ट सुलटा आहे, सेन्पाईंना विचारून खात्री केली.

जातो. दार ओढून घेतो.